कंडक्टर काकांची अभ्यासिका

लातुरात मुलांना अभ्यासाला बसवणारी माणसं गल्लोगल्ली सापडतात. पण बसवल्यावर हातात तिकीट देणारा माणूस साऱ्या मराठवाड्यात एकच होता, आणि माझं भाग्य असं की त्यांच्या गाडीत मला वर्षभर जागा मिळाली. गाडी म्हणजे अभ्यासिका. आम्ही त्यांना कंडक्टर काका म्हणायचो. बत्तीस वर्षं त्यांनी एसटीत काढलेली, त्यातली निम्म्याहून जास्त लातूर–नांदेड या एकाच रस्त्यावर. निवृत्त झाल्यावर लोक देवधर्माला लागतात, नाहीतर पारावर बसून देश चालवतात. काकांनी घरावर एक लांबट हॉल चढवला, त्यात चाळीस टेबलं मांडली आणि ते पुन्हा ड्युटीवर हजर झाले. फरक इतकाच की ही गाडी जागची हलायची नाही. “हलत न्हाई म्हणूनच अपघात न्हाई,” असं ते नव्या मुलांना पहिल्या दिवशीच सांगायचे.

टेबलं उजवीकडं तीन आणि डावीकडं दोन अशी मांडलेली, मधून जायला वाट. प्रत्येक टेबलावर पांढऱ्या रंगात नंबर. पुढच्या दोन रांगा महिलांसाठी राखीव, तसं भिंतीवर लिहिलेलंही होतं. छताच्या कडेनं एक दोरी गेलेली आणि तिच्या टोकाला पितळी घंटा. सकाळी सात वाजता काका दोनदा दोरी ओढायचे, म्हणजे गाडी सुटली. सुट्टी झाली की एकदाच. सात वाजून एका मिनिटानं आलेल्याला ते जिन्यातच अडवायचे. “गाडी गेली. पुढची साडेनवाला.” आणि खरोखर साडेनऊच्या सुट्टीपर्यंत तो मुलगा पायरीवर बसून वाचत राहायचा. एकदा एका मोठ्या क्लासचे सर अभ्यासिका बघायला आठ वाजता आले. त्यांनाही काकांनी सोडलं नाही. “सर, फुल झाली. टपावर बसता का?” असं त्यांनी इतक्या गांभीर्यानं विचारलं की सरांनी वर पाहिलं. झोपणाऱ्यांसाठी त्यांचा वेगळा उपाय होता. ते ओरडायचे नाहीत. हळूच खांद्याला हात लावून कानाशी म्हणायचे, “उठा, नांदेड आलं.” निलंग्याचा एक मुलगा हे ऐकून खडबडून उठला, दप्तर खांद्याला मारून जिना उतरला आणि रस्त्यावर पोचल्यावर त्याला आपण कुठं आहोत ते कळलं. काका खिडकीतून बघत होते. “जाऊ द्या, त्याचा स्टॉप आला,” म्हणाले.

मी तिथं पोचले ते बी.ए.च्या निकालानंतर. आमचं गाव अर्धापूरजवळ. आण्णा केळीच्या गाड्या भरायच्या कामावर जातात, आई बागेत. आमच्या घरात कुणी पदवीच्या कागदाला हात लावला नव्हता, आणि माझा कागद आला तेव्हा आण्णांनी आधी पंच्याला हात पुसले, मग तो धरला. त्यांनी मला स्पर्धा परीक्षेसाठी एक वर्ष दिलं. नांदेड जवळ होतं, पण आण्णांचं म्हणणं असं की जवळ म्हणजे दर रविवारी घरी, आणि दर रविवारी घरी म्हणजे अभ्यास नाही. म्हणून लातूर. माझ्यामागं धाकटी बहीण होती, बारावीला. तिला नर्सिंगला जायचं होतं. आण्णांनी निघताना एवढंच सांगितलं, “एका वेळी एकच लेक भाईर ठेवता येती. तू उभी राहिलीस की तिला पाठवतो. तू रिकामी आलीस तर भावकी मला तिला पाठवू द्यायची न्हाई, अन् माझाबी धीर व्हायचा न्हाई.” ते रागानं बोलले नव्हते. हवामान सांगावं तसं सांगितलं. बहीण शेजारीच उभी होती. ती माझी पिशवी धरून स्टँडपर्यंत आली आणि सगळ्या वाटेत एक शब्द बोलली नाही.

काकांनी मला सात नंबर दिला. खिडकीचा. मग त्यांनी कानामागची पेन्सिल काढली आणि विचारलं, “कुठं जायचं?” मी म्हटलं, “काका, इथंच बसायचंय.” “बसायचंय सगळ्यालाच. आज कुठपर्यंत?” त्यांची रीत अशी होती की दारात आलेल्यानं त्या दिवशीचा मुक्काम सांगायचा. कुणी म्हणायचं मूलभूत हक्क, कुणी म्हणायचं नफा-तोटा, कुणी रक्ताभिसरण. काका ते एका चिठ्ठीवर लिहायचे, एसटीतल्या आपल्या जुन्या तिकिटाच्या चिमट्यानं चिठ्ठीला भोक पाडायचे आणि हातात द्यायचे. संध्याकाळी सहाला उतरताना तपासणी. त्यांना स्वतःला नववीच्या पुढचं शिक्षण नव्हतं, त्यामुळं रक्ताभिसरणातलं काही कळायचं नाही; पण माणूस पोचला की नाही हे त्यांना तोंडावरून कळायचं. लातूर–नांदेडच्या हिशोबानं ते प्रत्येकाचा अभ्यास मोजायचे. निम्मा झाला असेल तर, “अहमदपूरला चहा पीत बसलीस जणू.” थोडा राहिला असेल तर, “लोह्यापर्यंत आलीस माय, आता कामून उतरतीस?” आणि काहीच झालं नसेल तर नुसतं, “स्टँडातच हाईस.” मला वर्षभरात कुणी सर, कुणी नातेवाईक जे बोलले, ते मी विसरले. पण ‘स्टँडातच हाईस’ ऐकून जिना उतरताना पाय जड व्हायचे ते अजून आठवतं.

फोनच्या बाबतीत मात्र त्यांच्याकडं दयामाया नव्हती. दाराशी एक पत्र्याची लांब पेटी, आत नंबरवार कप्पे, प्रत्येक कप्प्यात जुन्या धोतराचा तुकडा अंथरलेला. फोन आत ठेवल्याशिवाय चिठ्ठी मिळायची नाही. कुणी म्हणालं की नोट्स फोनमध्ये आहेत, तर काका म्हणायचे, “कागदावर उतरून घे, हात झिजत न्हाई.” कुणी म्हणालं की नुसता मांडीवर ठेवतो, बंद करून, तर त्यांचं उत्तर ठरलेलं. “फोन हे लगेज हाय. लगेज मांडीवर घेतलेला माणूस बत्तीस वर्षांत मी नीट बसलेला बघितला न्हाई. त्याचं ध्यान खिडकीत नसतंय, न् शेजाऱ्यात नसतंय. पिशवीत असतंय.” पण एकदा फोन त्यांच्या ताब्यात गेला की त्याची काळजी ते तान्ह्या लेकरासारखी घ्यायचे. कुणाचा चार्ज उतरलेला दिसला की दुपारी आपणहून भिंतीच्या बोर्डाला लावायचे. कारण सहा वाजता फोन परत देताना त्यांची एकच अट असायची, पहिला फोन घरी. “आधी घर, मंग जग.” आणि मग जिन्याच्या प्रत्येक पायरीवर एकेक जण उभा राहून घरी बोलत असायचा. कुणी मराठीत, देगलूरकडची एक मुलगी तेलुगूत, उदगीरचा एक जण कानडीत. काका वरच्या पायरीवर हात मागं बांधून उभे राहायचे. ऐकायचे नाहीत, पण हलायचेही नाहीत. त्यांची बायको ते निवृत्त झाले त्याच वर्षी गेली होती. एक लेक पुण्यात, तिचा फोन रविवारी यायचा.

हे सगळं मी आज मोठ्या कौतुकानं लिहिते आहे, पण त्यांच्या पेटीला फसवणाऱ्यांत मीही होते. तीन महिने झाले तसं लातूर मला खायला उठलं. खोलीत आम्ही तिघी, पण तिघींची तोंडं तीन भिंतींकडं आणि हातात तीन फोन. बाहेर रस्त्यानं हजार मुलं दप्तर घेऊन जायची, त्यातल्या एकाचंही नाव मला माहीत नव्हतं. आणि मग मला एक व्हिडिओ सापडला. कुठल्यातरी शहरातली एक मुलगी कॅमेऱ्यापुढं बसून नुसता अभ्यास करायची. बोलायची नाही. शेजारी घड्याळ, एक पाण्याची बाटली, आणि ती पानं उलटायची. तिचं बघून अभ्यासाची इच्छा होते म्हणून मी बघायला लागले. ती पान उलटायची आणि मला बरं वाटायचं. कुणीतरी सोबत आहे असं वाटायचं. मग तिच्यानंतर दुसरी, मग ‘मन लागत नसेल तर हे ऐका’ म्हणणारा एक जण, मग तो काय खातो, मग तो पास कसा झाला. अभ्यास कसा करावा हे मला इतकं समजलं होतं की त्यावर मी भाषण देऊ शकले असते. फक्त तो करायचा राहत होता. काकांपुढं एकदा ही गोष्ट आडवळणानं काढली तर म्हणाले, “दुसऱ्याला जेवताना बघून ढेकर येतोय का?”

पण मला त्या मुलीशिवाय करमेना. खोलीतल्या एकीनं युक्ती शिकवली. आण्णांचा जुना बटणांचा फोन माझ्या कपड्यांच्या पिशवीत होता, कधीचा मेलेला. आईनं ‘असू दे जवळ’ म्हणून दिलेला. सकाळी तो काकांच्या पेटीत ठेवायचा आणि खरा फोन पुस्तकात घालून आत न्यायचा. काकांनी तो बटणांचा फोन बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. “शाब्बास! मोठा दिला व्हय सोडून? हे खरं शहाणपण.” त्यांनी सगळ्यांना तो उंच धरून दाखवला. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं, पण घेतलं नाही; उलट मी सात नंबरवर जाऊन बसले आणि पुस्तकाच्या मधोमध त्या मुलीला पानं उलटताना बघत राहिले.

संध्याकाळी अडचण आली. सहा वाजले, काकांनी बटणांचा फोन हातात दिला आणि म्हणाले, “लाव घरी.” आता मेलेल्या फोनवरून घरी कसं लावणार? काका वरच्या पायरीवर उभे. मी फोन कानाला लावला आणि बोलायला लागले. “हाव आण्णा. जेवले. हाव, वांग्याची भाजी होती. अभ्यास चाललाय की. न्हाई, आजारी कामून पडंन? धाकटीला म्हणावं अभ्यास नीट कर.” मध्ये थांबायचं किती हेही मला नीट जमू लागलं. खरा फोन मी खोलीवर जाऊन लावायची, पण तिथं दोघी असायच्या, म्हणून दोन मिनिटांत आटपायची. खोटं वाटेल, पण त्या बंद फोनवर मी आण्णांशी जास्त मोकळं बोलायची. एकदा तर मी त्यांना सांगून टाकलं की मला इथं करमत नाही आणि मला भीती वाटते. पलीकडून कुणी काही म्हणालं नाही. असे मी सोळा-सतरा दिवस काढले. आणि रोज तपासणीला माझी चिठ्ठी बघून काका म्हणायचे, “स्टँडातच.”

एका शनिवारी सकाळी ते मला आत सोडेनात. इतर सगळे गेले, दोन घंटा झाल्या, तरी मी दारात. पुस्तकातला फोन मी छातीशी घट्ट धरला. काकांनी खिशातून आण्णांचा बटणांचा फोन काढला. त्याच्या पडद्यावर उजेड होता. आण्णांच्या हातात असताना सुद्धा त्याला इतका उजेड मी पाहिला नव्हता.

“काल संध्याकाळी हा रातभर ठेवून घेतला न्हवं का, नव्या पोरांना दाखवायचाय म्हणून? स्टँडापाशी एक दुरुस्तीवाला हाय माझ्या वळखीचा. बॅटरी पार फुगलेली होती. त्यानं दुसरी घातली,” ते म्हणाले. मग दुसरीकडं बघत म्हणाले, “मी धा दिवसांपून चार्जिंगला लावून बघून राहिलो. काही केल्या पेटंना. अन् संध्याकाळी तू त्याच्यावर बोलतीस.”

मी पुस्तकातला फोन आणखी आत सरकवला.

“मी म्हटलं, घरी कुणी उचलत नसंल. पोरीला चारचौघांत लाज वाटत असंल. म्हणून ती आपली नुसतीच बोलती.” त्यांनी फोन माझ्या हातात ठेवला. “ह्याच्यात माझा नंबर टाकलाय. घरचं कुणी न्हाई उचललं तर लाव. मी उचलतो.”

मी पुस्तक उघडलं, खरा फोन काढला आणि पेटीच्या सात नंबरच्या कप्प्यात ठेवला. काका त्याच्याकडं बघत राहिले. मी वाट बघत होते की आता ते मला हाकलतील. बिनतिकिटाच्या माणसाला बत्तीस वर्षांत त्यांनी सोडलं नव्हतं, हे ते अभिमानानं सांगायचे. मला गाव दिसलं, बहिणीचं तोंड दिसलं.

“हे कुणाचं लगेज?”

“माझंच. पहिल्यापून माझ्याजवळच होतं. घरी सगळे उचलतात, काका. मीच तुम्हाला फसवून राहिले होते.”

“अन् मंग जिन्यावर कुणाशी बोलायचीस?”

“कुणाशीच न्हाई.”

त्यांनी कप्प्यातला धोतराचा तुकडा बोटांनी सारखा केला. आतून पंख्यांचा आवाज येत होता. मग म्हणाले, “मीबी बोलतो. सकाळच्याला, चहा करताना. दोन कप होतेत सवयीनं, मंग बोलणं आलंच.” आणि लगेच, जणू काही बोललेच नाहीत अशा आवाजात, “चल, उशीर झाला. कुठपर्यंत?”

मी म्हटलं, “जिथपर्यंत ठरलंय तिथपर्यंत.” त्यांनी ते तसंच लिहिलं आणि भोक पाडलं.

त्या दिवसापासून मी अभ्यासाला लागले असं लिहिलं तर ते खोटं होईल. पहिले आठ दिवस माझी बोटं पुस्तकाच्या पानावर फोनसारखी फिरायची. मन उठून पेटीपाशी जाऊन यायचं. पण एक बदल झाला. काकांनी आपली खुर्ची दारातून उचलून सात नंबरच्या रांगेला लागून, वाटेत आणून ठेवली. त्यांना वाचायची सवय नव्हती. ते माझ्याकडचं सामान्य ज्ञानाचं जुनं पुस्तक घेऊन बसायचे आणि बोट ठेवून एकेक ओळ वाचायचे, ओठ हलवत. अर्ध्या तासात एक पान व्हायचं. पण ते पान उलटायचे तेव्हा कागदाचा आवाज यायचा, आणि मीही उलटायची. मला कधीतरी त्यांनी विचारलं, “ही भीमा नदी एवढ्या लांब जाती? मला वाटलं इथंच कुठं हाय.” चार महिन्यांत त्यांनी ते पुस्तक संपवलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी त्यांनी मला महाराष्ट्रातल्या सगळ्या घाटांची नावं विचारली, आणि जे घाट त्यांनी स्वतः पाहिले होते त्यांची वळणंही सांगितली. वळणं परीक्षेत आली नाहीत.

निकाल लागला तेव्हा माझं नाव पहिल्या यादीत नव्हतं. दुसऱ्या यादीत होतं, शेवटून चौथं. आण्णांनी फोनवर नुसतं “बरं झालं” म्हटलं आणि फोन आईकडं दिला. आई म्हणाली की ते बाहेर जाऊन उभे राहिलेत. पुढच्या जूनमध्ये बहीण नांदेडला नर्सिंगला गेली. तिची पिशवी धरून मी स्टँडपर्यंत गेले, आणि या वेळी ती सबंध वाट बोलत होती.

मला नोकरी देगलूरला लागली. दुकानात गेलं की आधी तेलुगू, मग कानडी आणि शेवटी माझ्याकडं बघून मराठी. लोक चांगले आहेत. पण खोलीवर आल्यावर दार लावलं की शांतता फार होते. फोन हातात येतो. तो काढून घेणारं आता कुणी नाही, आणि मी ज्यासाठी अभ्यास करावा असंही काही उरलेलं नाही, म्हणून कुणी काढून घ्यावा असं तरी कोणत्या तोंडानं म्हणू? त्या मुलीचे व्हिडिओ मी आता बघत नाही. ती अजून अभ्यासच करते आहे का, हे बघायची मला भीती वाटते.

गेल्या दिवाळीनंतर मी पेढे घेऊन लातूरला गेले. समोरच्या इमारतीत एक नवी अभ्यासिका झाली आहे, गार हवेची, आणि तिथं फोन चालतो. आता क्लासच फोनवर असतात म्हटल्यावर मुलं तरी काय करणार. काकांच्या हॉलमध्ये चाळीसातली सहा टेबलं भरलेली होती. त्यांनी पेढा अर्धा खाल्ला, अर्धा कागदात ठेवला. मला सगळं विचारलं. खोली कशी आहे, भाडं वेळेवर देतेस का, साहेब कसे आहेत, बहीण कशी आहे. मी विचारलं, “काका, तुम्ही कसे आहात?” तर म्हणाले, “मला काय धाड भरलीय?” आणि खाली जाऊन चहा घेऊन आले.

परत निघाले तर ते स्टँडवर सोडायला आले. गाडी पाऊण तास उशिरा होती. मी दहा वेळा म्हटलं, “जा काका, उन्हाचं कशाला थांबता?” ते थांबले. गाडी लागली तेव्हा त्यांनी मला खिडकीची जागा बघून दिली, कंडक्टरला “पोरगी आपली हाय, नीट घेऊन जा” म्हणून सांगितलं आणि खाली उतरले. गाडी सुटली. मी खिडकीतून हात हलवला. आयुष्यभर ते प्रत्येक गाडीबरोबर स्वतःच निघून गेले होते. फलाटावर उभं राहून जाणाऱ्या गाडीकडं कसं बघायचं असतं हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. त्यांनी हात वर उचलला, तो हलवायचा असतो हे बहुतेक विसरले, आणि गाडी वळेपर्यंत तसाच धरून उभे राहिले.